शेजारणीचा हात

४ जून
सापडलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. प्रबंधाचं मधलं प्रकरण घरातल्याच खाटेवर पडलंय! अर्धांगाच्या झटक्यानं आईची डावी बाजू गेली, वाईटच झालं. पण आज स्वतःचाच डावा हात चादरीबाहेर ओढून म्हणते कशी — "हा शेजारणीचा हात इथे कुणी टाकला? नेऊन दे बाई तिला." माझ्या प्रबंधातले फ्रेंच तत्त्वज्ञ दुसरं काय सांगतात? आधी 'मी' आणि मग त्याला देह, असं नसतंच. देहातूनच 'मी' घडतो. हात निखळला, तेवढी आईही निखळली! भराभर उतरवून घेतलं.

७ जून
माझे मार्गदर्शक सर घरी आले. हात उचलून विचारलं, "मावशी, हा कुणाचा?"
"शेजारणीचा."
टाळ्याच वाजवणार होते मी! दारात सर म्हणाले, "सोनं आहे. पण जपून. सारखी नजर ठेवली की माणूस त्या नजरेला हवं तसं वागायला लागतो." असू दे. ते शेवटच्या प्रकरणात टाकू.

१९ जून
घात! व्यायाम करून घ्यायला येतात त्या बाईंनी आज आरसा आणला. आईनं पाहिलं आणि — "अगं, ही अंगठी तर माझी!" काय फुलली! बाई म्हणाल्या, "आता खाडा नको. रोज बोटं उघडायची, नाहीतर मूठ आखडेल."
हात परत आला तर मी लिहू काय, कपाळ? बाईंना म्हटलं, परगावी चाललोय, बोलावीन तेव्हा या. दुपारी आई झोपल्यावर साबण लावून अंगठी काढली.

२० जून
विचारलं. माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग म्हणाली, "शेजारणीचाच." हुश्श!

२ सप्टेंबर
धाकट्याचा फोन. "ताई, आईचा व्यायाम का बंद?" म्हटलं, "एवढी माया उतू जात असेल तर ये आणि कर." आई सगळं ऐकत होती. ऐकू दे.

११ नोव्हेंबर
प्रबंध मंजूर! परीक्षकांनी मधल्या प्रकरणाचं तोंडभरून कौतुक केलं. आल्या आल्या आईला सांगितलं. हसली.

१२ नोव्हेंबर
"झालं ना तुझं? मग दे आता माझी अंगठी," आई म्हणाली. "हात माझाच गं. आरशात बघितला तेव्हाच कळलं. पण तुझं तोंड एवढंसं झालं... म्हटलं, असू दे शेजारणीचा."
अंगठी घेऊन बसलेय. तिची मूठ उघडत नाही.