आक्काच्या बांधावरचे नाकतोडे

सावेडी, अहिल्यानगर
(पाकिटावर मी नगरच लिहिलंय. पोस्टमन जुना आहे.)
कोजागरीनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप रंगुआक्कास,

धाकट्या मच्छिंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा उजवा गुडघा आता काय म्हणतो? भाताला रंग चढला असेल. काळ्या गाईला कालवड झाल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत आणि घरातला तिसराही ठीक आहे. त्या तिसऱ्यापायीच हे पत्र. फोन करता आला असता, पण तू टेकावर रेंजला येतेस, 'बरं हाय का, ठिवते' म्हणतेस आणि ठेवून देतेस. त्यात आभार मानायला जागाच उरत नाही.

तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आपली अश्विनी कंपनीच्या कामासाठी पुण्याहून दोन महिने कोचीला गेली. जाताना काचेची पेटी घेऊन दारात उभी राहिली. पेटीत हातभर लांबीचा सरडा. (सरडा म्हटलेलं तिला चालत नाही. तो परदेशी जातीचा दाढीवाला ड्रॅगन आहे. रागावला की गळा फुगवून काळा करतो. मी हायस्कुलात तीस वर्षं हेडक्लार्क होतो, तेव्हा असे साहेब पुष्कळ पाहिलेत.) त्याचं नाव भीमा. अश्विनी म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांभाळा. आईला किडे जमणार नाहीत." आक्का, चार वर्षांपूर्वी तिनं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मी तिला काय काय बोललो, ते तुझ्यासमोरच बोललो होतो. तेव्हापासून ती फोन आईला करते आणि शेवटी 'बाबा बरे आहेत ना' एवढं विचारते. चार वर्षांत तिनं माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम. त्यामुळे सरडा असो नाहीतर सुसर, मी हो म्हणालो.

भीमाला भोपळा, शेवग्याचा पाला चालतो, पण मुख्य जेवण जिवंत किड्यांचं. मेलेल्याकडे तो बघतही नाही. पुण्याहून कुरिअरनं रातकिड्यांचा डबा यायचा होता, तो गुरुवारी दुपारी आला. मी झाकण उघडलं ते स्वयंपाकघरात, आणि एकदम उघडलं. (सूचनांच्या कागदावर 'हळू' असा शब्द होता. तो मी नंतर वाचला.) शंभरातले ऐंशी तरी घरभर झाले. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत तुझ्या भावजयीचं भजनी मंडळ बसलेलं. कपाटामागून, मिक्सरच्या पोटातून, देव्हाऱ्याखालून जो सूर लागला, तो बायकांना आधी एकमेकींच्या टाळांचा वाटला. दोघींनी टाळ बदलून पाहिले. शेवटी एक रातकिडा आरतीच्या ताटात उतरला आणि मंडळ प्रसाद न घेताच उठलं. तुझी भावजय माळकरी बाई. तीन दिवस आमटी वाढताना पळी आपटत होती.

उरलेले वीस मी भीमापुढे ठेवले. अपुरी कागदपत्रं जोडलेला अर्ज आल्यावर आमचे साहेब जसे बघत, तसा त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मग पिवळ्या अळ्या मागवल्या. दोन खाल्ल्या, तिसरी थुंकली. चिमट्यानं भरवून पाहिलं. शेवटी त्याच्यासमोर पाट मांडून बसलो आणि एकेक फुटाणा तोंडात टाकून दाखवू लागलो, की बाबा रे, खाणं हे असं असतं. तो बघत राहिला. फुटाणे मात्र संपले.

असे अकरा दिवस गेले. शेपटीचं मूळ बारीक दिसू लागलं. अश्विनीचा रोज मेसेज यायचा, 'खाल्लं का?' आणि मी रोज 'खाल्लं' असं लिहायचो. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा हात घोडेगावच्या बाजारातल्या म्हशींवर बसलेला. त्यांनी भीमाला उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मालक, म्हशीनं वैरण सोडली तर मी इलाज करीन. याची वैरण कोणती, ते मला ठाऊक नाही. आजारी मात्र दिसत नाही." माणूस प्रामाणिक. पण पोरीला काय तोंड दाखवायचं, याशिवाय दुसरं काही सुचेना. म्हणून तुला फोन केला.

तू हसली नाहीस, याचे पहिले आभार. तू एवढंच म्हणालीस, "आरं, डब्यातलं शिळं किडं त्यो कशाला खाईल? आमच्या बांधावर लई नाकतोडं हायती, आन् आमी फवारनी करत न्हाई. उद्याच्या गाडीनं धाडते." आणि सत्तराव्या वर्षी, तो गुडघा घेऊन, तू भाताच्या बांधावर वाकून नाकतोडे धरलेस. टोपलीत ओलं गवत घातलंस, वरून जुन्या लुगड्याचं फडकं बांधलंस आणि अकोले-नगर गाडीत कंडक्टरच्या हवाली केलंस. त्यानं विचारलं तर 'झाडपाल्याचं औषध' म्हणून सांगितलंस. (त्यानं टोपली माझ्या हातात देताना विचारलं, "काका, औषध उड्या का मारतंय?" मी म्हटलं, ताजं आहे.)

पहिला हिरवा नाकतोडा पेटीत सोडला. भीमानं मान तिरकी केली. एक पाऊल टाकलं, थांबला, आणि जीभ कधी बाहेर आली ते मला दिसलंच नाही, फक्त कुरकुर आवाज आला. मग दुसरा. मग पाच. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि मला रडू आलं, हे कुणाला सांगू नकोस. तुझी भावजय अकरा दिवसांत प्रथमच भीमाच्या खोलीच्या उंबऱ्यात आली. तिनं दोन नमस्कार केले, एक खाणाऱ्याला आणि एक खाल्ल्या गेलेल्याला. आता भीमा तिच्याच हातून खातो. एकादशीला मात्र ती त्यालाही उपास घडवते, नुसता भोपळा.

आक्का, लहानपणी मला ताप यायचा तेव्हा तू माझ्या ताटाशी बसून असायचीस. या वयातही तुझ्याच हाताचं काहीतरी येऊन आमचं घर जेवलं. तुझे उपकार लिहायला मला हेडक्लार्कची भाषा पुरत नाही.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. टोपली संपत आली. इथल्या बागेतले नाकतोडे त्याला चालत नाहीत. आणखी एक धाडशील का? आणि अश्विनीनं विचारलं तर तो पहिल्या दिवसापासून खात होता, असंच सांग.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आत्ताच अश्विनीचा फोन आला होता, आईला नाही, मला. पेटीच्या कोपऱ्यात जे ऊब मोजायचं यंत्र समजून मी रोज पुसत होतो, तो कॅमेरा निघाला. तिनं सगळं बघितलं आणि ऐकलंही. नव्या जागी गेला की तो दहा-बारा दिवस जेवत नाही, हे तिला आधीच माहीत होतं. माहीत होतं तर मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याच्याजवळ बसून माझ्या लग्नाबद्दल बोलायला लागलात. 'चूक माझीच होती' म्हणालात. मग मला मध्ये बोलवेना." तेव्हा तुला खोटं बोलायची गरज नाही.

ता. क. तिसरा. टोपलीही धाडू नकोस, आता तो रुळलाय, डब्यातलेही खाईल असं ती म्हणते. अश्विनी दिवाळीला येतेय आणि तो बांध तिला बघायचाय, माझ्याबरोबर. भाऊबीजेला आम्ही तिघं आणि भीमा, असे चौघं तुझ्याकडे येतोय. तुझ्या कोंबड्या मात्र डालून ठेव, त्या भीमाला चोच मारायच्या.