अठरा पोरं आणि रुखमामायची कोहळी

गुलाबभाऊंना संघप्रियाचा मनापासून जय भीम.

तुमची, वहिनींची आणि दिव्यानीची तब्येत बरी असेल असं धरून चालते. भद्रावतीच्या कॉलनीत डास फार झालेत म्हणे, सांभाळून राहा. इकडे सगळे ठीक. म्हणजे मी सोडून. तुमची आई, आमची शेजारची रुखमामाय, नऊ दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, आणि घरामागच्या भाजीपाल्याच्या सांदवाडीचं फाटक तिनं आतून तारेनं बांधून टाकलं आहे. तुम्ही मधे पडून तिची समजूत घाला, एवढ्यासाठी हे पत्र. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ‘रेंज नाई’ म्हणता.)

झालं असं की वरून आदेश आला, अंगणवाडीतल्या मुलांना ताजी फळं-भाज्या कुठून येतात ते शिकवा. सोबत एक तक्ता. त्यात सफरचंद, द्राक्षं आणि एक हिरवा गड्डा, जो बाईंनाही, म्हणजे मलाही, ओळखता आला नाही. मी आपली भेदऱ्यांपासून सुरुवात केली (तक्त्यात त्याला टोमॅटो म्हणतात). भेदरं कुठून येतात? झिंगू म्हणाला, "मूलवरून." (भाजीची गाडी मूलच्या बाजारातूनच येते, त्याचं काय चुकलं?) खुशबू म्हणाली, "पन्नीतून." (प्लास्टिकच्या पिशवीतून!) भाऊ, मला खरंच वाईट वाटलं. आपलं अर्धं लहानपण मायच्या सांदवाडीत गेलं. तुम्ही जामाच्या झाडावर, मी खाली फ्रॉकचा ओचा पसरून. काकडी वेलावरून तोडायची, फ्रॉकलाच पुसायची, आणि कडू निघाली की तुम्हाला द्यायची. मायला सगळं ठाऊक असायचं. ती चुलीपुढून मुद्दाम मोठ्यानं खोकायची, म्हणजे आपल्याला पळायला वेळ मिळावा. तशी काकडी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही.

तेव्हा ठरवलं, तक्ता गेला खड्ड्यात, पोरांना सांदवाडीच दाखवायची. मायला इतका आनंद झाला की तिनं आदल्या दिवशी अंगण सारवलं आणि ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासून फाटकात उभी राहिली. पोरांनी वांगी पाहिली, सांबार हुंगला (तक्त्याच्या भाषेत कोथिंबीर), मिरची कोणी खाऊ नये म्हणेपर्यंत आयुषनं खाल्ली. सगळं छान चाललं होतं. मग आलो कोहळ्याच्या वेलापाशी. लिंबाएवढी बारा कोहळी लागलेली, अजून फुलंसुद्धा चिकटलेली. आणि मी, जिला चालायला येण्याआधी शिकवलं होतं की कोवळ्या फळाकडे सरळ बोट दाखवलं तर ते गळतं, बोट नेहमी वाकवून दाखवायचं, ती मी बाईंच्या आवाजात म्हणाले, "कोहळं कुठी आहे, दाखवा बरं!" अठरा पोरांची बोटं एकदम ताठ झाली. लहान होती त्यांनी दोन्ही हातांची केली. (सगळ्यात पहिलं बोट माझंच होतं, हे वहिनींना सांगू नका.)

माय मट्‌कन खालीच बसली. "अवो पोरी, तुले येवढं बी आठोलं नाई?" मग उतारा म्हणून तिनं प्रत्येकाला आपापलं बोट चावायला लावलं. झिंगूनं खुशबूचं चावलं. रडारड झाली, आया धावत आल्या, आणि ताज्या भाज्यांचा पाठ तिथेच संपला. पुढच्या चार दिवसांत बारापैकी दहा कोहळी गळाली. तेव्हापासून अबोला.

वहिनींना नमस्कार, दिव्यानीला पापा. तुम्ही मायला दोन शब्द सांगाच.

तुमची,
संघप्रिया

ता. क. : कोहळी पावसाच्या झडीनं गळाली, मधमाश्या फिरकल्याच नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. विहारातल्या अंधश्रद्धेवरच्या भाषणात मला दुसरं बक्षीस होतं (पहिलं तुम्हाला). तरी उरलेल्या दोन कोहळ्यांकडे मी कुंपणावरून पाहते तेव्हा हात पाठीमागे बांधून पाहते.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच माय दारात. "कोणाले लिहून राह्यली?" नऊ दिवसांतला पहिला शब्द! तुमचं नाव घेताच आत येऊन बसली आणि सगळं वाचायला लावलं. काकडीपाशी हसली. सोमवारी पोरांना पुन्हा आण म्हणाली. मग हळूच म्हणाली, मागच्या दिवाळीत दिव्यानीनं विचारलं होतं, "आजी, कोहळं कोणत्या दुकानात भेटते?" म्हणून यंदा तो वेल तिनं मुद्दाम खाली पसरवला, नातीचा हात पोचेल असा. तेव्हापासून तुम्ही आला नाहीत. हे लिहू का विचारलं, तर म्हणाली, "कोहळ्याचं लिही. माहं नोको लिहू."

म्हणून तिचं काहीच लिहीत नाही. दोन कोहळी उरली आहेत, भाऊ. ती रोज संध्याकाळी फाटकात बसून भद्रावतीच्या बसची वाट पाहतात.