खेळगटाचा बंदोबस्त

३ जुलै, सकाळी
मुलगी खेळगट चालवते. तिथल्या मदतनीस बाळंतपणाला गेल्या. मुलीने विचारलं, बाबा, महिनाभर येता का? ताबडतोब होकार. जन्मभर जेलर होतो. खुनी, दरोडेखोर सुतासारखे सरळ केले. चार-चार वर्षांची पोरं म्हणजे हातचा मळ.
संकल्प : आठवड्यात शिस्त.

दुपारी
नडगीवर लाकडी ठोकळा. फेकणारी दोन शेंड्यांची मुलगी. हिचं नाव मी 'दरोडेखोर' ठेवलं आहे. तिचं म्हणणं, ते विमान होतं आणि मी मध्येच उभा होतो. पश्चात्ताप शून्य.

४ जुलै
सतरंजीवर दोन पोरं एकमेकांना बुकलत होती. झडप घालून सोडवली. दोघांनीही भोकाड पसरलं. मुलगी धावत आली. म्हणाली, बाबा, पोरं हसत होती ना? खोटी मारामारी होती ती. त्यातूनच कळतं, जोर किती लावायचा, समोरचा 'बास' म्हणाला की कुठे थांबायचं. तोंडं बघत जा, हात नको.
मी म्हणालो, गुद्दा तो गुद्दा. तिने मान हलवली. शिकलेली आहे, पण अनुभव नाही.

७ जुलै
मुलगी बाहेर कामाला गेली. सूत्रं माझ्या हाती. ठोकळे, बाहुल्या, भातुकली, सगळं कपाटात घालून कुलूप. पोरं रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. फोटो काढला.

त्याच दिवशी, नंतर
शांतता टिकली नाही. करायला काही नाही म्हटल्यावर एकीने पुढचीचे केस उपटले. तिने मागच्याला बोचकारलं. चपला उडाल्या, एक माझ्या चष्म्यावर. खिडकीपाशी दोघेच गप्प होते. त्यांना शाबासकी द्यायला गेलो, तर एकाने दुसऱ्याच्या दंडात दात रुतवले होते. चावलेला पोरगा आवाज न करता रडत होता. दोघांपैकी कोणीही हसत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, जरा उशिरा. रक्त आलं. सोडवताना माझाही अंगठा फुटला.
एकूण परिस्थिती नियंत्रणात.

८ जुलै
ज्याला चावलं त्या पोराचे वडील आले. जिममध्ये ट्रेनर. मान माझ्या मांडीएवढी. म्हणाले, तुम्ही काय झोपा काढत होता? मी अत्यंत संयमाने सांगितलं की तुमचं पोरगंच मुळूमुळू रडणारं आहे. त्यांनी कॉलर धरली. मी आवश्यक तेवढंच बळ वापरलं, म्हणजे डोकं त्यांच्या नाकावर हाणलं. त्यांनी मला उचलून कपाटावर आपटलं. दार निखळलं, ठोकळे अंगावर कोसळले. कवळी रंगाच्या डब्यात. मुलगी मध्ये पडली. मी ओरडलो, मध्ये येऊ नकोस! आणि माझं कोपर तिच्या डोळ्यावर बसलं.
पोरं भिंतीला चिकटून उभी. एकही रडलं नाही. शिस्त लागते आहे.

रात्री बायकोने ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

९ जुलै
घरी. मुलीने सुचवलेली विश्रांती. मारामारीत मध्ये पडायचं नसतं, हे तिला कळायला हवं होतं. चूक तिचीच. दोनदा लिहून पाहिलं. खोडलं.

११ जुलै
न बोलावता गेलो. पोरांनी नवा खेळ काढला आहे. चावलेला पोरगा, दंडाला पट्टी, पप्पा झाला होता. चावणारा आजोबा. दरोडेखोर ताई, म्हणजे माझी मुलगी, झाली होती, डोळ्याखाली निळा खडू फासून. 'मध्ये येऊ नकोस!' माझंच वाक्य, माझाच आवाज. थांबवायला निघालो, तर मुलीने हात धरला. म्हणाली, खेळू दे त्यांना. परवापासून हेच चाललंय. काल खरोखर लागत होतं. आज बघा.
पप्पाने गुद्दा उगारला आणि हवेतच थांबवला. दोघंही खिदळले. मग ताईला खाली बसवून डोळ्याला ठोकळ्याचा बर्फ लावला. आजोबा वाकून म्हणाला, दुखतंय का गं?
मी अजून विचारलं नव्हतं.
पोरं निघून गेल्यावर विचारलं. मुलगी म्हणाली, थोडं. आणि ठोकळे गोळा करायला लागली. मीही केले.

१२ जुलै
मलाही घ्या म्हणालो. आजोबाचं काम माझ्याइतकं कोणाला जमणार? दरोडेखोर म्हणाली, नको, तू खरं मारतोस. पोरांनी डोकी एकत्र करून बराच खल केला. शेवटी मला मेलेल्या माणसाचं काम मिळालं. सतरंजीवर पडलो, अंगावर चादर घातली.
थोड्याच वेळात मला खेळातून काढून टाकलं. म्हणे, नीट मरत नाही.