विहिरीतली हाक

बेडसे, ८ जानेवारी २०२५

ती. हिरामावशीस प्रेरणाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

घरातला फोन विहिरीत गेला, आणि पायाच्या प्लास्टरमुळे तुला येता आलं नाही, म्हणून लिहिते. दादा मोटर काढायला उतरले ते वर येईनात, म्हणून शेजारचे भिमाजीकाका उतरले. गावकऱ्यांनी दोघांना वर ओढलं. दादा वाचले, काका गेले.

दादा दवाखान्यातून आलेत, पण भिंतीकडे तोंड करून पडून असतात. लीलाकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमी हाक मारली नसती तर माजा मानूस आज असता." दादांना काहीच आठवत नाही, म्हणून तेही मान खाली घालून कबूल करतात.

विहिरीत पाला कुजतोय, त्याचा गॅस, असं डॉक्टर म्हणाले. काकूला ते पटत नाही. मी समीकरण मांडलं: C₆H₁₂O₆ + O₂ → CO₂ + H₂O. जुळत नाही. आणि अभिक्रियेचा प्रकार कोणता? पाल्याला काडी तर कुणी लावली नव्हती. चुकलं असेल तर वर्गातल्यासारखी रागावू नकोस.

तुझी प्रेरणा

लोणावळा, १२ जानेवारी

चि. प्रेरणास मावशीचे भरभरून आशीर्वाद.

रागावले नाही गं. डावीकडे कार्बन सहा, उजवीकडे एक. तिथून सुरुवात कर. C₆H₁₂O₆ + 6O₂ → 6CO₂ + 6H₂O. प्रकार ऑक्सिडीकरण. चुलीत होतं तेच, पण ज्वाळेशिवाय, सावकाश. ऑक्सिजन संपत जातो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. तिथं माणसाची शुद्ध दोन-चार श्वासांत जाते. दाजींना, तुझ्या वडिलांना, हाक मारायला सवडच मिळाली नसणार.

काकूला हे कागदावर दाखवू नकोस. मोठ्यांना घेऊन लांब दोरानं विहिरीत पेटता कंदील सोडा; ऑक्सिजन नसेल तिथं तो विझेल. काठावर कुणी वाकायचं नाही, उतरायचं तर नाहीच. दाजींना जप.

तुझी मावशी

बेडसे, १९ जानेवारी

ती. मावशीस नमस्कार.

कंदील सोडला. अर्ध्यावर गेला आणि विझला. काकूनं तो पुन्हा पेटवायला लावला, या वेळी दोर स्वतः धरला. पुन्हा विझला.

तिनं विचारलं, मग हाक कुणी मारली? मी म्हणाले, कुणीच नाही, आवाज येईना म्हणूनच काका उतरले असतील. तिनं दोर ओढून विझलेला कंदील वर घेतला.

संध्याकाळी ती दादांपाशी येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, तुमी हाक न्हाई मारली. त्ये आपल्या मनानंच उतरले. तसेच व्हते त्ये."

दादा तेव्हा पहिल्यांदा रडले. काकू रडली नाही. तिनं त्यांच्यापुढं ताट सरकवलं आणि ते जेवेपर्यंत तिथून हलली नाही.

माया आहे तशीच असू दे.

तुझी प्रेरणा