मेल्यावर तीन दिवस

पादोवा, मंगळवार

अहो नेकुलाय, देव तुम्हाला सांभाळो, कारण मी इथं परक्या देशात अडकलेय.

मी बरी आहे. मी जिला सांभाळते ती म्हातारीही रोज शिव्या घालते, म्हणजे धडधाकट आहे. तुमच्या खोकल्यातून अजून रक्त पडतं का? आपली नात इलिंका फोनवर खोटं बोलते.

म्हातारीच्या मुलाकडे रजा मागितली. म्हटलं, "कागदावर वर्षाला सव्वीस दिवस लिहिलेत ना?" म्हणाला, "आहेत की अनिकाबाई, पण ऑगस्टात आम्ही समुद्रावर जातो. तुम्ही सप्टेंबरात जा." जसं काही मरण त्याला विचारूनच येणार आहे.

बागेत आपल्याकडच्या कामकरी बायका जमतात. त्यांतली एक कायदा जाणते. म्हणाली, नवरा गेला तर तीन दिवस मिळतात. अगं, बसला जायलाच दोन दिवस लागतात! आणि नवरा अजून जिवंत आहे, त्याचे किती?

म्हणून ऐका. शनिवारी दुपारी माझी आठवड्याची सुट्टी सुरू होते, तेव्हाच बस पकडतेय. रविवार रात्रीपर्यंत मी कायद्यात, पुढे पळपुटी. काम जाईल. म्हातारीला न सांगता निघायची लाज वाटते, तरी येतेय.

सोमवारी सकाळी दारात असेन. तोवर मरणाऱ्याच्या हातात देतात ती शेवटची मेणबत्ती कुणालाही तुमच्या हातात ठेवू देऊ नका. शेजारची लुक्रेत्सिया पेटवून घेऊन आली, तर फुंकून टाका. तेवढा दम छातीत ठेवा.

तुमचीच,
अनिका