इसम दुसरा

१८ ऑगस्ट

आले बाई एकदाची सासरी! लग्न मे महिन्यात झालं, पण संभाजीनगरची नोकरी सुटता सुटता ऑगस्ट उजाडला. बुलढाण्याहून मोताळ्यापर्यंत बस, पुढे शेखरची मोटारसायकल. मांडीवर पुस्तकांची पिशवी, पिशवीवर आईनं दिलेला करंज्यांचा डबा. करंज्यांचा पार चुरा झाला, पुस्तकं शाबूत आहेत.

घर गावाच्या टोकाला आहे. चार खोल्या, वर स्लॅब, मागे वांगी-मिरचीचा मळा आणि मळ्यात विहीर. घरात सासरे अर्जुनराव, सासूबाई सुभद्राबाई, नणंद सारिका आणि आम्ही दोघं. माझं माहेर देऊळगाव राजा, म्हणजे जिल्हा एकच, तरी मी 'मला' म्हटलं की सारिका 'मले, मले' करून वेडावते. सासूबाईंनी विचारलं, थकली असशीन, च्या ठेवू काय? मी हो म्हटलं. लगेच सारिकानं शिकवलं, वहिनी, हाव म्हनावं लागते इथं. ते काही माझ्या तोंडात बसेना.

मामंजी येईल त्याला सांगत होते की आमची सून रुपाली मोडी वाचते, परीक्षा पास हाय, सर्टिफिकेट हाय तिच्यापाशी. शेजारच्या आशाबाईंना वाटलं मी डॉक्टर आहे, त्यांनी गुडघा पुढे केला. खोटं कशाला बोलू, हे कौतुक मला फार आवडलं.

२० ऑगस्ट

आज सासूबाईंनी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले दोन टाक बांधले. चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या नखाएवढ्या बायका. बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे तिचा जीव शांत राहतो. ही रीत मला ऐकून ठाऊक होती. या घरात ती सुनेकडून सुनेकडे येत राहिली आहे. शेखरचे पणजोबा भाऊराव यांची रुख्मिणी ही तिसरी बायको. आधीच्या दोघी लवकर गेल्या. रुख्मिणीपणजींनी घातलेले टाक त्यांच्या सुनेनं घातले, मग सासूबाईंनी, आता मी. नव्या सुनेनं पितृपक्षातल्या अविधवा नवमीपर्यंत ते अंगावर ठेवायचे. त्या दिवशी दोघींच्या नावानं दोन पानं वाढायची आणि टाक परत देव्हाऱ्यात ठेवायचे.

नावं काय त्यांची, असं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, नाव कोनाले ठाव वं माय, आमी आपलं या बायांनो जेवाले म्हनतो. मला हसू आलं. जेवायला बोलवायचं आणि नावाचा पत्ता नाही!

सारिकाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिला बीएएमएसला प्रवेश मिळालाय, पण वीस सप्टेंबरपर्यंत जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर तो रद्द होणार. त्यासाठी जुनी नोंद हवी. गावातले जन्म-मृत्यू ज्यात टिपले जायचे ते जुनं कोतवाल बुक मोताळ्याला तहसिलीत आहे, आणि ते मोडीत आहे. दोन वर्षं पोरगी परीक्षेला बसत होती. मी तिला म्हटलं, तुझी नोंद मी काढून देते, तू बॅग भर.

२६ ऑगस्ट

सापडली! १९३८, शेखरच्या आजोबांचा जन्म. बाप भाऊराव वल्द कचरू, आई रुख्मिणी, आणि जात अगदी हवी तीच. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनीसुद्धा माझ्याबरोबर टाळी वाजवली.

तिथेच उठायला हवं होतं. पण मोडी वाचणाऱ्याला पान दिसलं की हात थांबत नाही. मी मागे चाळत गेले. १९३४, मृत्यू. भाऊराव वल्द कचरू याची बायको, वय चौदा, विहिरीत पडून. १९३१, मृत्यू. भाऊराव वल्द कचरू याची बायको, वय तेरा, विहिरीत पडून. विहीर घरची, असंही लिहिलं आहे. दोन्ही ठिकाणी खबर देणारी सासू.

त्यांची नावंही आहेत. अक्षर इतकं स्वच्छ की कालच कुणी लिहिलंय असं वाटावं. नव्वद-पंच्याण्णव वर्षांत ती वाचणारी मी पहिलीच असेन.

आणि दोन्ही नोंदींत जात दुसरीच आहे. लिहिणारा चुकला असेल, नाहीतर कुणी सांगितली ती त्यानं टिपली असेल. येताना बसमध्ये मी टाक मुठीत धरून बसले होते. तेरा वर्षांची मुलगी. सातवीतली.

२८ ऑगस्ट

घरात बसून बोलणं झालं. चौकशीला येणारे साहेब तेच बुक बघणार. वंशावळीतल्या माणसाच्या नावासमोर दुसरी जात निघाली की विरोधी नोंद म्हणतात, आणि मग प्रकरण लोंबकळतं. वीस तारीख कुणाची वाट बघणार नाही.

मामंजी जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, गावात एकाच नावाचे दोन मानसं नसतात काय? मोडी तूच वाचतं, तुले जे दिसते ते लिहून दे. शेखर नखं बघत बसला होता. सारिका चुलीपाशी रडत होती, पण माझ्याकडे काही मागितलं नाही तिनं. मी नावं सांगायला तोंड उघडलं, तर मामंजींनी हात वर केला. आता नाव घरात घेऊ नको, म्हणाले, नाव घेतलं का त्या आपल्या होतेत.

म्हणून इथेही लिहीत नाही.

१ सप्टेंबर

सही केली.

दोन्ही नोंदींच्या लिप्यंतरात भाऊरावच्या बापाच्या नावाच्या जागी मी 'अक्षर अस्पष्ट' असं लिहिलं. खाली दाखला जोडला: सदर इसम दुसरा असावा. नोंदीतील मयत स्त्रियांचा अर्जदाराच्या कुटुंबाशी काहीही संबंध दिसून येत नाही. खाली माझं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, शिक्का. मामंजींनी तसंच प्रतिज्ञापत्र केलं.

कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नाही. हे मला नीट आठवत राहावं म्हणून लिहितेय. सारिकासाठी केलं हे खरं आहे. पण घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, या घरात मी एकदम मोठी झाले होते, आणि ते मला हवंहवंसं वाटत होतं, हेही तितकंच खरं आहे. त्या दोन पोरींना जगात एकच साक्षीदार उरली होती. तिनं शिक्का मारून सांगितलं की ह्या आमच्या कुणी नव्हेत.

४ सप्टेंबर

सकाळी सासूबाईंनी चहा चार कप केला. मी हसून म्हटलं, आई, मला नको का? त्यांनी मला निरखून बघितलं, म्हणाल्या, अवं माय, ध्यानातच नाही राह्यलं. वय झालंय त्यांचं.

दुपारी मळ्यातल्या दोरीवर एक लुगडं वाळत होतं. निळं, जुन्या वाणाचं, रुंदीला अगदी आखूड, मुलीच्या मापाचं. आमच्याकडे नऊवारी कुणी नेसत नाही. पिळून टाकलेलं असूनही त्यातून पाणी गळत होतं. मी तासाभरानं परत गेले तेव्हाही गळतच होतं.

८ सप्टेंबर

साहेब चौकशी करून गेले. मामंजींनी घरातली माणसं सांगितली: मी, बायको, पोरगा, पोरगी. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोरच उभी होते. शेखर दुरुस्त करेल म्हणून थांबले. त्यानं केलं नाही. नंतर विचारलं तर खजील झाला, म्हणाला, राहून गेलं वं, काऊन मनाले लावून घेतं? मग त्यानं मला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. नाव आठवत नव्हतं त्याला. चेहऱ्यावर दिसत होतं ते. शेवटी 'अवं' म्हणाला.

दोरीवर आता दोन लुगडी आहेत.

१० सप्टेंबर

सासूबाईंनी अंगणातून हाक मारली, रुपाली! मी खोलीत होते. उठेपर्यंत स्वयंपाकघरातून उत्तर गेलं — हाव.

बारीक, पोरीचा आवाज. मी कधी हाव म्हणत नाही.

धावत गेले. भर दुपार, दार-खिडक्या उघड्या. कुणी नव्हतं. पिठाच्या परातीत कुणीतरी कणीक तिंबायला घेतली होती, बोटं उमटलेली. माझ्या बोटांच्या निम्मी. कणकेत पाणी फार झालं होतं.

सासूबाई आत आल्या, परात उचलली आणि मी तिथे नसल्यासारख्या माझ्या शेजारून निघून गेल्या. म्हणाल्या, गुनाची हाय पोरगी, लहान हाय, शिकीन हळूहळू.

११ सप्टेंबर

हे माझंच कर्म आहे. मला कळतंय काय चाललंय. मी त्यांचं जे केलं तेच माझं होतंय, आणि त्यात अन्याय म्हणावा असं काही नाही.

उद्या मोताळ्याला जाऊन दाखला मागे घेणार. सारिकाचा प्रवेश जाईल. दोन वर्षांची मेहनत जाईल, ती मला शिव्या देईल. देऊ दे. शिव्या द्यायला तरी मी कुणीतरी लागेन तिची.

१२ सप्टेंबर

रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी ओळखलं नाही. टाळी वाजवली होती आम्ही. मी सांगितलं, मी रुपाली, मोडीचा दाखला दिलेली. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, रुपाली मॅडम तर सकाळीच येऊन गेल्या, दाखला बरोबर आहे म्हणून पुन्हा सही करून गेल्या. मी म्हटलं, कशा होत्या दिसायला? बाई म्हणाल्या, लहानखुऱ्या. केस ओले होते, फरशी पुसून घ्यावी लागली. तुम्ही त्यांच्या कोण?

मी कोण ते सांगायला आधार कार्ड काढलं. फोटो माझाच. नावाच्या जागी — छापलेलं होतं, पण शाई उतरल्यासारखं. मोडी वाचणारी मी. मलाच वाचता येईना.

अक्षर अस्पष्ट.

बुकातलं ते पान मात्र मी उघडून बघितलं. दोन्ही नोंदी तशाच. भाऊराव वल्द कचरू. लख्ख.

१४ सप्टेंबर

प्रमाणपत्र आलं. सारिका गल्लीभर पेढे वाटत होती. मी दारातच उभी. माझ्या हातावरही एक ठेवला, वाकून नमस्कार केला, आणि विचारलं, तुमी कोनाकडं आल्या, ताई?

किती आनंदात होती. मी पेढा खाल्ला.

शेखर तिच्यामागून आला. त्याच्या शेजारी एक मुलगी. निळं लुगडं. त्यानं तिला रुपाली म्हटलं. किती सहज म्हटलं —

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. लाजली होती. दुसऱ्याची वस्तू घेतल्यासारखी —

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

टाक माझ्या गळ्यात नाहीत. देव्हाऱ्यात आहेत. खिडकीतून मोजले.

तीन.

पानंही तीन वाढली. वरण, भात, अळूवडी. सासूबाईंनी हात जोडले, या बायांनो, जेवाले या. मी ओरडले, नावं घ्या, मी सांगते, दोघींचीही सांगते! नावं ओरडून सांगितली. सगळे जेवत राहिले. मामंजी म्हणाले, विहिरीवर मोटर चालू राह्यली काय? आवाज येऊन राह्यला.

तिसरं पान कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

त्या पानावरचं मी अंगणात आणून खाल्लं. फार भूक लागली होती.

१६ सप्टेंबर

विहिरीच्या काठावर बसलेय. ऊन चांगलं आहे. दुसरी इथे आलीय, चौदाची. पहिली घरात, पोळ्या करतेय. हिला घर नको म्हणते. हिला फक्त

कपडे कोरडे होत नाहीत माझे. कधी भिजले ते आठवत नाही.

ही काही मागत नाही. बसलीय. वहीकडे बघतेय. वाचता येत नाही तिला, पण कळतंय तिला मी काय लिहीत नाहीये. तीन आठवडे झाले, स्वतःच्या वहीतसुद्धा मी —

भ्याले गं. क्षमा कर. दोघीही करा. एका ओळीचं काम होतं.

लिहिते. कुणी वाचलंत तर मोठ्यानं वाचा, पानावर बसवा यांना, हाक मारून.

पहिली. गिरजा. भाऊराव वल्द कचरू याची बायको, वय तेरा. घरची.

दुसरी. तुळसा. भाऊराव वल्द कचरू याची बायको, वय चौदा. घरची.

हसली. हात पुढे केलाय —

तिसरी. शेखर वल्द अर्जुनराव याची बायको, वय सव्वीस. घरची. नाव