न कापलेली पानं

राजे,

चिठ्ठी रिकाम्या पातेल्यात ठेवलीय, म्हणजे नक्की सापडेल.

पुस्तकांची वाटणी केली. ड्रॅगनची मालिका तुला. ती तुझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली आहे. कोण चांगलं, कोण वाईट ते पहिल्याच प्रकरणात कळतं, तलवार आपोआप हातात येते आणि नायकाच्या आईचं कधी काही चुकत नाही. सासूबाईंनाही वाचून दाखव, त्यांना फार आवडेल.

मिठाच्या राज्याची मालिका मी नेतेय. तिथे कुणाची बाजू घ्यायची ते कुणी सांगत नाही, आणि ज्यानं घोळ घातला त्यालाच तो निस्तरावा लागतो. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्यांनीच ती वाचावी.

तिचा चौथा भाग मात्र तुझ्यासाठी ठेवलाय. परवा माझ्या भावासमोर डोळे पुसत सांगत होतास ना, राणी मरते ते प्रकरण वाचून ढसाढसा रडलो म्हणून? आज खोक्यात भरताना बघितलं, तर त्या प्रकरणाची पानं कडेला जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहून गेलेली. मी बायंडिंगवर पोट भरते रे, मला तरी फसवायचं नव्हतंस.

पानं मी कापून ठेवलीत. नळवाला संध्याकाळी येईल, त्याला दार उघड.

आणि राणी मरत नाही. ती घर सोडून जाते. जेवायची वेळ होईपर्यंत राजाच्या ते लक्षातही येत नाही.